विहिरीचा पॉज

सकाळी पावणेआठ वाजता माझ्या उजव्या कानात शिट्टी सुरू झाली.

मी कराडच्या स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये पलंगावर बसून केस विंचरत होते. रविवार होता आणि दुपारी साडेचारला आमच्या नाटकाचा प्रयोग होता. शिट्टी हळूहळू वाढत आली नाही. आधी नव्हती, मग होती. कुकरची शिट्टी सुटायच्या आधी एक बारीक टोकदार आवाज येतो, तसा तो आवाज होता. फरक एवढाच की पुढे शिट्टी सुटत नव्हती.

मी उठून खिडकी लावली. आवाज तेवढाच राहिला. पंखा बंद केला, तरी तेवढाच.

"अनघा, हा आवाज कसला येतोय?"

अनघा दामले नाटकात मुलीचं काम करायची. दौऱ्यावर आम्ही दोघी एका खोलीत असायचो. तिने उशीखालून डोकं बाहेर काढलं.

"कसला आवाज?"

"शिट्टीसारखा."

"मला नाही येत. तसं नऊच्या आत मला कुणाचंच काही ऐकू येत नाही, वैजूताई."

"उठून बघ ना जरा."

ती उठली. बाथरूममधला नळ घट्ट केला. ट्यूबचा चोक गुणगुणत असेल म्हणून बटण बंद केलं. मग खोलीच्या मध्यभागी उभी राहून तिने मान वाकडी करून ऐकलं.

"खोलीत काही वाजत नाहीये," ती म्हणाली.

मी उजव्या कानावर तळहात दाबला. खालच्या रिक्षांचे आवाज कमी झाले नाहीत. शिट्टी मात्र जवळ आली. मग हात काढून मी डावा कान दाबला. अनघाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

मी हात काढला. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, चहा मागवू का?"

"मागव," मी म्हटलं.

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याण्णवची आहे. मी तेव्हा प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर ठेवायची आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्यापुरतं द्यायचं. लोकांना वाटतं हे वाचायचं काम आहे. ते ऐकायचं काम आहे. नट बोलता बोलता थांबला की दोनच शक्यता असतात. तो अभिनय करतोय किंवा विसरलाय. तो अभिनय करत असताना वाक्य दिलं तर त्याचा पॉज मोडतो, आणि विसरलेला असताना नाही दिलं तर प्रयोग मोडतो. हा फरक श्वासात ऐकू येतो.

आमच्या नाटकाचं नाव 'खालचा मजला'. त्यात म्हाताऱ्या बापाचं मुख्य काम अप्पा वेर्णेकर करायचे. वय एकाहत्तर. अप्पा विसरले की नाकातून एक छोटा श्वास आत घ्यायचे आणि तिथेच धरून ठेवायचे. पॉज घेताना ते श्वास सोडायचे. एवढ्या फरकावर मी दोन वर्षं त्यांना वाक्यं देत होते आणि समोरच्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता.

अप्पांनाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तसा रिवाज नाही. 'तुम्ही इथे अडता' असं प्रॉम्प्टर नटाला सांगत नाही आणि 'इथे मला दे' असं नट मागत नाही. वाक्य दिलं जातं, घेतलं जातं, आणि नंतर कुणी त्याचा विषय काढत नाही. जागा बोलून दाखवली की ती जागा कायमची अडते, असं जुने लोक मानायचे. माझा त्यावर विश्वास होता की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी पाळत होते.

महिन्यापूर्वी नाशिकला अप्पा दुसऱ्या अंकात थांबले ते थांबलेच. शेवटी पडदा पाडावा लागला. आमचे निर्माते विद्याधर खोत तिथे नव्हते, पण त्यांना रात्रीच्या आत कळलं. त्यांनी शशांक रेगे नावाच्या नटाला संहिता पाठवली आणि अप्पांना निरोप दिला की कराडच्या प्रयोगाला मी स्वतः येतोय. पुन्हा तसं झालं तर पुढच्या आठवड्यापासून रेगे काम करतील. निरोप सगळ्या कंपनीला माहीत होता.

साडेआठला मी व्यवस्थापक तोडणकरांच्या खोलीचं दार वाजवलं. ते मूळचे वेंगुर्ल्याचे. साबण लावलेल्या तोंडाने त्यांनी दार उघडलं.

"काय गो, बस सुटली की काय?"

मी त्यांना सांगितलं.

"कानात कुकर लागलो तुझ्या," ते म्हणाले. "पाणी गेलं असेल. एका पायावर उडी मार."

"मारून झाली."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग तोंड पुसलं आणि सदरा घातला. कराडला त्यांच्या ओळखीचा प्रयोगाचा कंत्राटदार होता, त्याच्या ओळखीचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. रविवारी दवाखाना बंद होता म्हणून आम्ही डॉक्टर जगतापांच्या घरी गेलो. त्यांनी व्हरांड्यातच एका खुर्चीवर बसवून माझे दोन्ही कान बॅटरीने तपासले. पडदा चांगला होता. मळ नव्हता. मग त्यांनी आतून एक नादकाटा आणला, गुडघ्यावर आपटला आणि त्याची दांडी माझ्या कपाळावर मधोमध टेकवली.

"आवाज कुठल्या बाजूला येतोय?"

"डाव्या."

"नक्की?"

"उजवीकडे फक्त शिट्टी आहे."

त्यांनी काटा खाली ठेवला.

"ती बाहेर कुठं नाहीये, बाई. कानाची नस दुखावली की कान काय करतो, आपला आपणच आवाज काढतो. तुम्हाला तो खराच ऐकू येतोय, पण वाजत काहीच नाहीये."

"जाईल?"

"काहींचा जातो. गोळ्या लिहून देतो, आत्तापासून सुरू करा. पण इथं बसू नका. आजच पुणं नाहीतर मुंबई गाठा, उद्या सकाळी ऐकण्याची तपासणी करून घ्या. यात पहिले दिवसच महत्त्वाचे असतात. आणि आज पूर्ण विश्रांती."

"दुपारी प्रयोग आहे," मी म्हटलं. "संध्याकाळी आमची बस मुंबईलाच निघते."

"प्रयोग नको. मोठ्या आवाजात बसायचं नाही."

"आमच्या नाटकात मोठा आवाज नसतो डॉक्टर," तोडणकर म्हणाले. "टाळ्यासुद्धा हळूच पडतात."

डॉक्टर हसले नाहीत. "यांच्याऐवजी दुसरं कुणी बसवा."

"माझ्याऐवजी कुणी नाही," मी म्हटलं.

"आणि कानाऐवजी कोण आहे?"

मी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मला भीती वाटत होती का, हे आता आठवून सांगता येत नाही. वाटली असावी. त्या सकाळचं मला जे आठवतं ते असं की, व्हरांड्यात एक पिंजरा होता, त्यात पोपट होता, त्याची चोच उघडत-मिटत होती आणि त्याचा आवाज मला डावीकडूनच येत होता, पिंजरा उजवीकडे असताना.

परतताना रिक्षात तोडणकर म्हणाले, "मीच बसतो आज संहिता घेऊन."

"पडदा कोण सांभाळणार?"

"तो बघू."

"आणि अप्पा?"

मेडिकलच्या दुकानासमोर त्यांनी रिक्षा थांबवली, स्वतः उतरून गोळ्या आणल्या आणि पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

तीन वाजता आम्ही नाट्यगृहात पोचलो. नेपथ्य लागलेलं होतं. दुसऱ्या अंकात अप्पा ज्या खुर्चीत बसायचे ती प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, माझ्या विंगेपासून जवळ असायची. मी माझ्या स्टुलावर बसून बघितलं. खुर्ची माझ्या उजव्या हाताला होती. एक मुलगा रंगमंचावर खिळा ठोकत होता. हातोडा पडताना दिसत होता, त्याचा आवाज मला पाठीमागून आल्यासारखा वाटत होता. खुर्ची पलीकडे हलवली तर प्रकाशयोजना बदलावी लागली असती. मी पलीकडच्या विंगेत गेले असते तर माझा आवाज खुर्चीपर्यंत पोचला नसता. स्टूल फिरवून डावा कान तिकडे केला, तरी शिट्टीच्या वर श्वासासारखा बारीक आवाज येणार नव्हता.

मी रंगपटात गेले. अप्पा आरशासमोर बसले होते. रंगभूषा ते स्वतःच करायचे. बनियनवर टॉवेल टाकलेला, हातात स्पंज.

"अप्पा, एक बोलायचंय."

"नारळ फुटायच्या आधी बोलून घे."

"मला सकाळपासून उजव्या कानाने ऐकू येत नाहीये. आत शिट्टी वाजतेय."

स्पंज थांबला. "मोठी?"

"तुमच्या आवाजापेक्षा."

"मग मोठीच म्हणायची." त्यांनी गालावर रंग लावायला पुन्हा सुरुवात केली. "डॉक्टरकडे गेलीस?"

"जाऊन आले. संध्याकाळी मुंबईला जायचंच आहे. उद्या तपासणी."

"मग इथे काय करतेस? जाऊन पड."

"तुमची खुर्ची माझ्या उजवीकडे येते."

"येऊ दे."

"मला दिसेल अशी काहीतरी खूण लागेल, अप्पा."

"कशाची खूण?"

आरशातून ते माझ्याकडे बघत होते. एका गालावर रंग होता, दुसऱ्यावर नव्हता.

"वेर्णेकर विसरतो असं खोत म्हणतो," ते म्हणाले. "आता तूही म्हण."

"तुम्ही विसरता असं मी नाही म्हटलं. मला ऐकू येत नाही असं म्हटलं."

"शब्द बरे निवडतेस. दोन वर्षं दुसऱ्याचे वाचलेस त्याचा गुण."

मी उभीच राहिले. त्यांनी स्पंज बशीत ठेवला.

"नाशिकला तू होतीस ना विंगेत?"

"होते."

"किती वेळ गेला होता माझा?"

"बराच."

"मला तो एवढासा वाटला." त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "वाक्य दिलं होतंस?"

"तीनदा."

"एकदाही आलं नाही माझ्यापर्यंत."

बाहेर कुणीतरी माईकवर एक-दोन-तीन म्हणत होतं. अप्पांनी दुसऱ्या गालाला रंग लावला, मानेपर्यंत नीट उतरवला, आणि मगच बोलले.

"रेगे आलाय?"

"खोतसाहेबांबरोबर आलेत. तिसऱ्या रांगेत बसतील."

"पाठ झालंय म्हणे त्याचं."

"असं ऐकलंय."

"बरा नट आहे. उगीच पाय आपटत चालतो, पण बरा आहे." त्यांनी टॉवेल काढला. "मी घरी बसायला घाबरत नाही, वैजू. पण घरी बसलो की एकेक करून सगळंच जाईल. सून विचारणार, जेवलात का, आणि मला आठवणार नाही. इथे निदान पुढचं वाक्य कुणीतरी मागतं माझ्याकडे. ते देत राहायचं, एवढंच माझं उरलंय."

मी टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला.

"चष्मा काढीन," ते म्हणाले. "नाटकात मी तो कुठेच काढत नाही. काढला की दे. पुन्हा घातला की समज, मिळालं."

"बरं."

"आणि हे आता बोललो ते बोललो. पुन्हा नाही."

"नाही."

नारळ फुटला. तिसरी घंटा झाली. घंटेचा आवाज संपला कधी ते मला कळलं नाही, कारण त्याच्या शेवटाला माझी शिट्टी जोडली गेली होती. पडदा वर जाताना दिसला तेव्हा समजलं.

पहिल्या अंकात अप्पांचं काम स्वच्छ चाललं होतं. एकदाच, मुलाशी भांडताना, त्यांचा हात चष्म्याच्या काडीकडे गेला. त्यांनी तो काढायच्या आत मी वाक्य दिलं. 'तुला जागा हवी आहे, घर नको आहे.' अप्पांनी ते घेतलं आणि प्रसंग पुढे गेला. पण रंगमंचावर उभी असलेली अनघा दचकली होती. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी विंगेकडे मान वळवली.

मध्यंतरात तोडणकर धावत आले.

"गो बाय, तू प्रॉम्प्टिंग करतेस की एसटीची अनाउन्समेंट? पाचव्या रांगेपर्यंत गेलं ते!"

"मला कळलं नाही."

"खोतसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं."

"काही म्हणाले?"

"वडा खायला गेलेत. वडा खाल्ल्यावर म्हणतील." ते खाली बसले आणि आवाज खाली आणला. तो इतका खाली आणला की मला डावा कान त्यांच्याकडे न्यावा लागला. "ह्या वेळी विंगेतून आवाज गेला तर गेलं सगळं. तुला कळतंय ना?"

मला कळत होतं. आपण किती हळू बोलतोय हे माणसाला आपलंच ऐकून समजतं. माझं मला परत येत नव्हतं, मध्ये शिट्टी होती. मी गळ्यावर दोन बोटं ठेवून वाक्य म्हणून बघितलं. आवाज काढला की बोटांखाली थरथर व्हायची. नुसतं कुजबुजलं की काहीच व्हायचं नाही. मी ठरवलं की बोटं तिथेच ठेवायची. थरथर झाली तर आवाज जास्त झाला.

दुसरा अंक सुरू झाला. या अंकात बाप मुलीला विहिरीची गोष्ट सांगतो. घराच्या मागची विहीर, बायको गेल्यानंतर त्याने ती बुजवलेली. दीड पानाचं स्वगतच म्हणायचं, मुलगी मध्ये फक्त दोनदा बोलते. नाशिकला पडदा याच जागी पडला होता.

अप्पा खुर्चीत बसले होते. अनघा पायरीवर.

"तुझी आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी विहीर बुजवली," अप्पा म्हणाले. मला शब्द तुटक येत होते, पण संहिता पाठ होती आणि ओठ दिसत होते. "लोक म्हणाले, पाणी चांगलं आहे. मी म्हटलं, पाणी चांगलंच आहे. डंपर आले. पहिला डंपर ओतला तेव्हा आवाज आला. दुसऱ्याला कमी आला. शेवटचा ओतला तेव्हा काहीच आला नाही. माती मातीवर पडली."

"मग?" अनघाने विचारलं.

अप्पांनी चष्मा काढला.

पुढचं वाक्य होतं, 'मग मी घरात आलो आणि कडी लावली.' ते माझ्यासमोर छापलेलं होतं. माझी दोन बोटं गळ्यावर होती. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. तिथे अंधार होता. विंगेतून आवाज गेला तर अप्पांचं काम जाणार होतं आणि वाक्य पोचलं नाही तरी जाणार होतं. कुठल्या आवाजात दिलं म्हणजे ते खुर्चीपर्यंत जाईल आणि रांगेपर्यंत जाणार नाही, हे मोजायचं माझ्याकडचं साधन सकाळी पावणेआठला बंद पडलं होतं.

अप्पा चष्मा हातात धरून समोर बघत होते. त्यांचा श्वास आत आहे की बाहेर, ते दिसत नव्हतं. अनघाने विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. माझे ओठ कोरडे पडून चिकटले होते, हे मला पक्कं आठवतं. मी वाट बघत होते. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं. प्रेक्षागृहात त्या वेळी अगदी शांत झालं होतं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. माझ्यापाशी शांतता नव्हती.

मग अप्पांनी मान किंचित माझ्या बाजूला कलती केली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "मग मी घरात आलो आणि कडी लावली."

पुढचं पान ते सलग बोलले. कुठेही अडले नाहीत.

प्रयोग संपल्यावर खोत रंगपटात आले. रेगे बरोबर नव्हते.

"अप्पा, विहिरीपाशी जो पॉज घेतलात," खोत म्हणाले, "तो आधी नव्हता."

"नव्हता," अप्पा म्हणाले.

"ठेवा तो."

"बघू. प्रत्येक वेळी येईलच असं नाही."

"आणि तो चष्मा काढण्याचा प्रकार. तोही ठेवा."

अप्पांनी तोंडाला खोबरेल तेल फासलं होतं. ते कापसाने रंग पुसत राहिले. खोत निघताना दारात माझ्यापाशी थांबले. "बाई, पहिल्या अंकात जरा सांभाळून," एवढंच म्हणाले. रेगे संध्याकाळच्या एसटीने मुंबईला गेल्याचं तोडणकरांनी सांगितलं. मग एक पेढ्यांचा पुडा कंत्राटदाराने दिला असं म्हणून त्यांनी सगळ्यांना वाटला. तो त्यांनीच आणला होता.

बसमध्ये अनघा माझ्याशेजारी, डाव्या बाजूला बसली.

"मी तुमच्याकडे बघितलं होतं," ती म्हणाली.

"मग? मी बोलत होते का?"

"अंधार होता हो. माझ्या डोळ्यांवर लाइट. नुसती तुमची साडी दिसली." तिने मान माझ्याकडे वळवली. "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," मी म्हटलं. "नव्हते बोलत."

शिरवळच्या पुढे बस चहाला थांबली. रात्र झाली होती. अप्पा खाली उतरून बाकावर बसले होते. त्यांनी हाताने बोलावलं आणि मी शेजारी बसायला गेले तर म्हणाले, "तिकडून नको. चांगला कान कुठला तुझा? मग या बाजूला बस."

मी बसले. त्यांनी चहा बशीत ओतला.

"पहिल्या अंकात ओरडलीस."

"हो."

"गावाला कळलं की वेर्णेकरला वाक्य देतात."

"हो, अप्पा."

"पण विहिरीचं दिलंस ते…" त्यांनी बशी खाली ठेवली. "चाळीस वर्षं मी काम करतोय. किती जण विंगेत बसले. असं वाक्य मला कुणी दिलेलं नाही. इतकं मापात. तू घाई केली नाहीस. मला पूर्ण थांबू दिलंस, आणि मग अगदी कानाशी येऊन सांगितल्यासारखं. नाशिकला तीनदा देऊन आलं नाही, आणि आज कान गेलेला असताना…"

मी चहाचा ग्लास धरून होते. तो गरम होता.

"काय गं? बोल की."

"घाट चढायच्या आत गोळी घ्यायची आहे," मी म्हटलं.

"घे, घे." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता मला भीती नाही वैजू. तू आहेस तिथे."

तोडणकरांनी बसमधून हाक मारली. अप्पा उठले आणि माझा हात न धरता पायऱ्या चढले.

दुसऱ्या दिवशी मुंबईत तपासणी झाली. उजव्या कानाचं वरच्या पट्टीतलं ऐकणं गेलं होतं. गोळ्या चालू राहिल्या, इंजेक्शनं झाली. थोडं परत आलं, बाकीचं आलं नाही. शिट्टी राहिली. एक दिवस आधी विश्रांती घेतली असती तर फरक पडला असता का, असं मी विचारलं. सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सवय होईल, असंही म्हणाले. पहिले काही महिने मी घरात रेडिओ दोन केंद्रांच्या मध्ये लावून ठेवायचे, तो खरखराट शिट्टीवर पांघरूण घालायचा. पुढे त्याचीही गरज लागेनाशी झाली.

मी नाटक सोडलं आणि एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम धरलं. अप्पांना मी फोनवर सांगितलं की डॉक्टरांनी बंदी घातली आहे. ते म्हणाले, "जी येईल तिला शिकवून जा. आवाज किती ठेवायचा तेवढं शिकव."

माझ्या जागी सुनेत्रा ओगले नावाची मुलगी आली. मी तिला एक दुपार घरी बोलावून संहिता दिली आणि श्वासाचं सांगितलं. विहिरीबद्दल सांगितलं नाही. जागा दाखवायची नाही, हा रिवाज होता.

काही महिन्यांनी तिचा फोन आला.

"वैजूताई, अप्पा प्रत्येक प्रयोगानंतर येऊन मला शाबास म्हणतात. विहिरीचं छान दिलंस म्हणतात."

"बरं आहे की."

"अहो, पण मी देतच नाही. त्यांचा चष्मा काढायचा तो पॉज आहे ना, खोतसाहेबांनी ठेवायला सांगितलेला? त्यात काय द्यायचं?"

"बाकीच्या जागा?"

"आता कुठेच अडत नाहीत ते. आणि काल तर मी नव्हतेच. लोकल बंद पडल्या, मी पोचले तेव्हा दुसरा अंक संपत आला होता. स्टूल रिकामं होतं, ताई. तरी रंगपटातून मला हाक मारून म्हणाले, आज सगळ्यात चांगलं दिलंस. त्यांना सांगू का? मला कसंतरीच वाटतं ऐकून घ्यायला."

मी रिसीव्हर डाव्या कानाला धरला होता. तिचा श्वास ऐकू येत होता.

"पुढचा प्रयोग कधी आहे?" मी विचारलं.

"गुरुवारी. पार्ल्याला."

"तुला योग्य वाटेल तसं कर," मी म्हटलं.

गुरुवारचा प्रयोग झाला. 'खालचा मजला' त्यानंतर दोन वर्षं चाललं आणि बंद झालं तेव्हा बापाचं काम अप्पाच करत होते. शेवटच्या प्रयोगात ते कुठेही अडले नाहीत, असं तोडणकर म्हणाले. सुनेत्रा लग्न होऊन बडोद्याला गेली. अप्पा चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले. सुनेत्राने त्यांना सांगितलं होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.